मोठ्या माशासाठी गरवण्याचे रीळ : निवड आणि निगा

(शेतीविषयक नभोवाणी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



भाताचा करपा, आंब्याचा मोहोर, नारळावरचा भुंगा अशा विषयांवर बोलणारा माणूस आज गरवण्याच्या रिळावर बोलतो आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण गावभेटीला गेलो की हल्ली हाही प्रश्न पुढे येतो. किनाऱ्यावरच्या ज्या घरात एक-दोन एकर भात, दहा-वीस कलमे आणि एखादी छोटी होडी आहे, त्या घरातला तरुण मुलगा गणपती झाले की खाडीच्या तोंडाशी काठी आणि रीळ घेऊन जिताड्यासाठी उभा राहतो. दक्षिण कोकणात यालाच चोणक म्हणतात. कोणी घरी पाहुण्यांची सोय केलेली असते आणि पुण्या-मुंबईची मंडळी खास गरवायला म्हणून येतात. पूर्वी हातदोरीवर भागत असे. आता पाच-सात हजारांचे, कधी पंधरा हजारांचे रीळ घरात येते. पाठीवरच्या फवारणी पंपापेक्षा ही वस्तू महाग, आणि बहुतेक घरी पंपाची जेवढी निगा राखली जाते तेवढीही हिची राखली जात नाही. एका हंगामात खाऱ्या पाण्याने ती जाम होते आणि माळ्यावर जाते. म्हणून आज रीळ कसे निवडावे आणि कसे सांभाळावे, याविषयी थोडे सविस्तर बोलणार आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. रीळ म्हणजे दोरी गुंडाळण्याचे यंत्र, असे आपण समजतो. बोय किंवा काळुंदर धरायची असेल तर ते खरे आहे. पण आठ-दहा किलोचा जिताडा, तांबोशी, होडीवरून लागलेली सुरमई किंवा कुपा, नदीतला मोठा महासीर, यांच्यासाठी रीळ हे मुख्यतः दोरी सोडण्याचे यंत्र आहे. म्हणजे तो एक ब्रेक आहे. उधळलेले खोंड आठवा. दाव्याचे टोक खुंटाला पक्के बांधून ठेवले तर हिसक्याने दावे तुटते, नाहीतर खुंट उपटतो. दावे हातातून सोडून दिले तर खोंड गेलेच. जाणता गडी काय करतो? दावे हातातून सरकू देतो, पण दाबून धरून सरकू देतो. खोंड धावते, दमते, आणि मग तो ते आवळत आणतो. रिळातला ब्रेक, ज्याला सगळीकडे ड्रॅग म्हणतात, तो हेच काम करतो. ड्रॅग चांगला असेल तर बाकीच्या दोन-तीन उणिवा चालतात. ड्रॅग वाईट असेल तर रिळाची चकाकी, त्यावरची सोनेरी अक्षरे, काही उपयोगाची नाहीत.

ड्रॅगची रचना साधी असते. स्पूलच्या आत किंवा मोठ्या दातेरी चाकात चकत्यांची एक उतरंड असते. एक चकती धातूची, तिच्यावर एक नमद्याची किंवा कार्बन तंतूंची, परत धातूची, अशी. वरची कळ फिरवली की या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. मासा ओढतो तेव्हा त्या एकमेकींवर घासत फिरतात आणि दोरी सुटते. घासले की उष्णता आली. स्वस्त रिळात नमद्याच्या लहान चकत्या असतात, त्या लांबच्या ओढीत तापतात, आणि ड्रॅग मध्येच सैल तर मध्येच घट्ट होऊ लागतो. कार्बनच्या मोठ्या चकत्या ही उष्णता बऱ्याच चांगल्या सोसतात. मोठ्या माशासाठी रीळ घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा : चकत्या कशाच्या आहेत आणि किती आहेत?

रिळांचे मुख्य प्रकार दोन. एकात स्पूल आडवे, रहाटासारखे फिरते. दुसऱ्यात स्पूल स्थिर असते आणि तारेची कमान त्याच्याभोवती फिरून दोरी गुंडाळते. रहाटाच्या जातीचे रीळ होडीवर उत्तम, कारण दोरी सरळ येते, वळत नाही, आणि दणकट ओढ सहज सोसते. मात्र ते लांब फेकायला सराव लागतो. नवख्याने फेकले की स्पूल दोरीपेक्षा वेगाने फिरते आणि दोरीचे घरटे होते. आडव्या स्पुलाच्या रिळात चकत्यांचा ब्रेक बसवून चांदणीच्या आकाराच्या चक्राने तो आवळायचा, ही युक्ती अमेरिकेत निघाली. १९१३ साली विल्यम बोशन यांनी कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटाच्या समुद्रात असे रीळ वापरून तलवार मासा काढला. त्याआधी लोक चामड्याचा तुकडा अंगठ्याने स्पुलावर दाबून मासा आवरत, आणि उलट फिरणाऱ्या मुठीने बोटे फुटत. दुसरा, स्थिर स्पूलचा प्रकार इंग्लंडमध्ये कापडधंद्यातील अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी पेटंट केला, तो १९०५ साली. मागावर बसलेल्या माणसाला तो लगेच कळेल, कारण उभ्या कांडीच्या टोकावरून सूत जसे सुटते तशीच यात फेकताना दोरी सुटते.

माझे मत विचाराल तर खडपावरून, जेटीवरून आणि नदीकाठावरून गरवणाऱ्याने स्थिर स्पूलचे रीळ घ्यावे. होडीवरून खोल पाण्यात गोबरा-तांबोशीसाठी दोरी सोडणाऱ्याने आडव्या स्पूलचे घ्यावे. पाहुण्यांच्या हाती द्यायचे असेल तर प्रश्नच नाही, स्थिर स्पूलचेच.

आता आकार. स्थिर स्पूलच्या रिळांवर ४०००, ६०००, १०००० असे आकडे असतात. हे आकडे सर्व कारखान्यांचे सारखे नसतात, एकाचे ६००० दुसऱ्याच्या ८००० एवढे भरते. तरी ढोबळ अंदाज असा : नदी-तलावासाठी ४००० ते ५०००, खाडीतल्या जिताड्यासाठी ५००० ते ६०००, उघड्या समुद्रावर खडपावरून किंवा होडीवरून ८००० ते १००००, आणि मोठ्या कुप्यासारख्या धावणाऱ्या माशासाठी त्याच्याही वर. आकड्यापेक्षा, आपल्याला हवी ती दोरी किती मीटर बसते, हे पाहावे. खाडीत दोनशे मीटर पुरे. उघड्या समुद्रावर तीनशे मीटर तरी हवी.

खोक्यावर ‘ड्रॅग २५ किलो’ असे ठळक छापलेले असते. याला भुलू नका. ओल्या खडपावर काठी धरून उभा असलेला माणूस आठ-दहा किलोची ओढ फार वेळ सोसू शकत नाही, पंचवीस किलोला तो सरळ पाण्यात जाईल. आपल्याला पाच-सात किलोला एकसारखा, गुळगुळीत चालणारा ड्रॅग हवा. तसेच बेअरिंगच्या संख्येचे. बारा-चौदा हलक्या बेअरिंगांपेक्षा चार-पाच चांगल्या, झाकणबंद, न गंजणाऱ्या पोलादाच्या बेअरिंग केव्हाही बऱ्या. आणि न गंजणारे पोलाद म्हणतात तेही समुद्राच्या मिठापुढे कायमचे टिकत नाही, त्यावर बारीक खड्डे पडतात, हे विसरू नये.

दातांचे प्रमाण म्हणजे मूठ एकदा फिरवली की कमान किती वेळा फिरते. ५ च्या आसपास असेल तर ओढायला ताकद मिळते. ६ च्या वर असेल तर वेग मिळतो, पण भार आला की मूठ फिरवणे जड जाते. सुरमईला वेगाने पळणारे आमिष लागते म्हणून तिच्यासाठी वेगाचे रीळ चालते. जिताडा, गोबरा यांना खडकातून, मुळांतून बाहेर ओढायचे असते, तिथे कमी प्रमाणाचेच घ्यावे. ही सायकलच्या लहान-मोठ्या चक्राचीच गोष्ट आहे.

रिळाचे अंग प्लॅस्टिकच्या मिश्रणाचे असेल तर ते गंजत नाही हा मोठा गुण, पण जड ओढीत ते किंचित वाकते आणि आतली दातेरी चाके एकमेकांवरून सरकतात. ॲल्युमिनियमचे अंग वाकत नाही, पण त्यावरचा थर खरवडला की तिथे पांढरी भुकटी येऊन ते पोखरते. मोठ्या माशासाठी धातूचेच अंग घ्यावे आणि ते खडकावर आपटू नये, घासू नये.

दुकानात गेल्यावर घाई करू नका. ड्रॅग मध्यम आवळून दोरीचे टोक हळूहळू ओढा. पहिल्या सरकण्याला मोठा हिसका लागतो आणि मग दोरी एकदम सुटते, असे झाले तर ते रीळ ठेवून द्या. मोठा मासा नेमका त्या पहिल्या हिसक्याला दोरी तोडतो. मग मूठ पुढे-मागे हलवून पाहा, मागे ढिली जाता कामा नये. रीळ कानाशी धरून सावकाश फिरवा, कुठे खरखर, कुठे टकटक ऐकू येते का ते पाहा. कमान हाताने उघडा-मिटा, ती घट्ट खटक्याने बसली पाहिजे. आणि शेवटी, याच्या चकत्या, बेअरिंग आणि कमानीची रोळी सुटी मिळते का, हे विचारा. पावती घ्या. नामांकित मालाच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत, त्या निम्म्या किमतीत मिळतात आणि त्यांचा एकही सुटा भाग मिळत नाही. हाती पैसे कमी असतील तर नवे हलके घेण्यापेक्षा चांगल्या जातीचे वापरलेले, पण सांभाळलेले रीळ घ्यावे. बैल घेतानाही आपण हेच करतो.

दोरी भरताना जो हलगर्जीपणा होतो त्याचे फळ पुढे मिळते. तंगूस ताणला की थोडा लांबतो, त्यामुळे हिसका सोसतो, आणि खडकावर घासला तरी काही काळ टिकतो. विणलेली दोरी त्याच ताकदीला फार बारीक असते, म्हणून स्पुलावर जास्त बसते, पण ती ताणत नाही, आणि कठीण दगडाच्या धारेवर लगेच तुटते. म्हणून विणलेल्या दोरीच्या टोकाला दीड-दोन मीटर जाड तंगूस जोडावा. विणलेली दोरी गुळगुळीत धातूच्या स्पुलावर सरळ बांधली तर ती सगळीच्या सगळी गरकन फिरते. ड्रॅग आवळला तरी दोरी सुटते आणि दोष कुठे आहे हे कळत नाही. आधी पाच-सहा मीटर तंगूस गुंडाळून त्यावर ती जोडावी. गुंडाळताना ओल्या फडक्यात धरून ताण देत गुंडाळावी. सैल गुंडाळली तर मोठ्या ओढीत वरचा फेरा खालच्या थरात रुततो आणि पुढच्या क्षणी दोरी अडकून तुटते. स्पुलाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी.

आता ड्रॅग किती आवळावा? बहुतेक जण हाताने ओढून ‘हं, बसला’ म्हणतात. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढा ड्रॅग ठेवावा, हा नियम आहे. ५० पौंडी दोरी म्हणजे सुमारे साडेबावीस किलो, तिच्यावर साडेपाच ते साडेसात किलो. ३० पौंडी म्हणजे साडेतेरा किलो, तिच्यावर साडेतीन ते साडेचार. उरलेली ताकद कुठे जाते? गाठीने दोरी कमजोर होते, काठीच्या कड्यांत घर्षण होते, आणि शंभर मीटर दोरी पाण्यातून ओढली जाताना पाणीच तिला मागे धरते. घरात मासळी किंवा धान्य तोलायचा स्प्रिंगचा काटा असेल तर तो दोरीच्या टोकाला अडकवून एकाने ओढावा, दुसऱ्याने काठी अर्धी उभी धरावी, आणि काटा पाच किलोवर आला की दोरी सरकू लागावी. काटा नसेल तर कॅन घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच लिटर पाण्याचा कॅन दोरीला बांधून रीळ हातात वर धरा, कॅन अगदी हळू खाली सरकला पाहिजे. काठीच्या कड्यांचे घर्षण यात धरलेले नाही, म्हणून हा ड्रॅग किंचित सैलच ठेवा. हे काम अंगणात करायचे, मासा लागल्यावर नव्हे.

मासा लागल्यावर एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, म्हणून ती नीट समजून घ्या. मासा धावतो, स्पूल रिकामे होऊ लागते, माणूस घाबरतो आणि ड्रॅग आवळतो. प्रत्यक्षात ड्रॅग त्या वेळी आपोआपच घट्ट झालेला असतो. स्पुलावर दोरीच्या थराचा व्यास ६ सेंटिमीटर असताना तुम्ही तो ४ किलोला लावला, आणि दोरी सुटत जाऊन व्यास ४ सेंटिमीटर उरला, तर तीच दोरी ओढायला आता ६ किलो लागतात. रहाटाची लाकडी धाव जितकी लहान तितका दोर ओढायला जड, तेच गणित. म्हणजे मासा लांब गेला असताना ड्रॅग थोडा सैल करायचा, आवळायचा नाही. क्षणभर जास्त दाब हवाच असेल तर हाताचा तळवा स्पुलाच्या कडेवर टेकवावा, तो उचलता येतो. आणि दोरी सुटत असताना मूठ फिरवू नये. मासा येत तर नाहीच, उलट स्थिर स्पुलाच्या रिळात प्रत्येक फेऱ्याला दोरीला पीळ पडतो. काठी सावकाश वर उचलावी, आणि ती खाली आणताना तेवढी दोरी गुंडाळावी.

खाडीकाठच्या एका गावात मी पाहिलेले सांगतो. बचत गटातून कर्ज काढून एका मुलाने पाहुण्यांसाठी तीन काठ्या आणि तीन रिळे घेतली होती. दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे आले. एकाला मोठा मासा लागला, जिताडाच असावा, कारण एकदा पाण्याबाहेर आला. ड्रॅग सरकलाच नाही. आधीच्या आठवड्यात खाऱ्या पाण्याने भिजलेले रीळ तसेच ठेवले होते, आणि चकत्या मिठाने चिकटल्या होत्या. दोरी अडली तशी त्या मुलाने मदतीला धावून दोरी हाताला गुंडाळली. विणलेली दोरी. दोन बोटे हाडापर्यंत कापली गेली. नशीब की हात राहिला. टाके पडले, आणि भाताची कापणी तोंडावर असताना दीड महिना विळा धरता आला नाही. मजुरीचा खर्च, कर्जाचा हप्ता आणि पाहुण्यांचे गेलेले पैसे, असा तो हिशेब. मासा निसटला तो निसटला. बंधूंनो, दोरी कोणत्याही परिस्थितीत हाताला गुंडाळू नका. धरायचीच झाली तर कातडी मोजा घालून धरा, आणि कंबरेला एक धारदार सुरी असू द्या.

खारे पाणी रिळाला नेमके काय करते? पाणी सुकते, मीठ राहते. ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते तसे. म्हणून बाहेरून कोरडे दिसणारे रीळ आतून ओलेच असते आणि रात्रंदिवस गंजत असते. त्यामुळे धुणे उद्यावर टाकायचे नाही. त्याच दिवशी, जेवायला बसण्याआधी.

धुण्याची रीत अशी. आधी ड्रॅगची कळ घट्ट आवळा, म्हणजे पाणी चकत्यांत शिरणार नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार किंवा झारीचे पाणी रिळावरून, कमानीवरून, दोरीवरून सोडा. जोराचा फवारा मारू नका, त्याने मीठ बाहेर येत नाही, आत जाते. बादलीत बुडवून ठेवू नका. गरम पाणी नको, त्याने ग्रीस निघून जाते. आणि एक गोष्ट किनाऱ्यावरच्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावी : फाल्गुन-चैत्रापासून आपल्या पुष्कळ विहिरी मचूळ होतात. मचूळ पाण्याने रीळ धुणे म्हणजे पुन्हा मीठ लावणे. शेवटचे दोन तांबे तरी पिण्याच्या पाण्याचे वापरा. मग झटका, फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. वाळले की ड्रॅगची कळ पूर्ण सैल करा. आवळलेल्या स्थितीत महिनोन् महिने ठेवले तर चकत्या, विशेषतः नमद्याच्या, दबून बसतात आणि पहिला हिसका मोठा होतो. सांगायला हे लांबले, करायला पाच मिनिटे लागतात.

कमानीच्या टोकाला दोरी जिच्यावरून वळते ती छोटी रोळी असते. रिळात सर्वात दुर्लक्षित भाग हाच. ती जाम झाली की दोरी तिच्यावर करवतीसारखी घासते आणि रोळीला खाच पडते. दर दोन-तीन खेपांनंतर तिला बोटाने फिरवून पाहा आणि पातळ तेलाचा एक थेंब द्या. मूठ जिथे दांडीवर फिरते तिथे एक थेंब. एकच. तेल वाहत असेल तर जास्त झाले.

तेल-ग्रीसच्या बाबतीत आपल्याकडे फार गोंधळ आहे. बेअरिंगला पातळ तेल, शिलाई मशीनचे चालते. दातेरी चाकांना ग्रीस, पाण्याने न धुपणारे, आणि दातांवर पातळ थर बसेल एवढेच. ट्रॅक्टरला भरतो तसे ठासून भरू नका, रीळ जड फिरते. चकत्यांना तेल किंवा साधे ग्रीस कधीच लावायचे नाही. कार्बनच्या चकत्यांसाठी ड्रॅगचे वेगळे ग्रीस मिळते, आणि काही रिळांत त्या कोरड्याच ठेवायच्या असतात, तेव्हा माहितीपत्रकात लिहिले असेल तसे करावे. मूठ उलटी फिरू न देणारी आत एक गोल रुळांची बेअरिंग असते, तिच्यात ग्रीस गेले की ती ऐन वेळी घसरते आणि मूठ उलट फिरून बोटांवर बसते, म्हणून तिथे फक्त पातळ तेलाचा अंश. खोबरेल तेल तर कशालाच नको. घरात हाताशी असते म्हणून लावतात, पण थंडीत ते थिजते आणि जुने झाले की चिकट होते.

रीळ वाळूत ठेवू नका, हे सांगायला नको, तरी ठेवतात. वाळू गेलीच तर मूठ एकदाही फिरवू नका. आधी धुवा, मग पाहा. फिरवलेत तर आतली चाके जात्यासारखी दळली जातील. रीळ खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडाले तर त्याच दिवशी स्पूल काढून, झाकण उघडून, गोड्या पाण्याने धुऊन वाळवावे. आतले ग्रीस दुधासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले आहे असे समजावे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, आणि त्या दिवसांत समुद्रही खवळलेला असतो. लावणीच्या धांदलीतून एक दुपार काढून रीळ उघडण्याचे काम तेव्हाच उरकावे. पांढरे फडके अंथरा. काढलेला प्रत्येक भाग अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, प्रत्येक टप्प्याला एक फोटो काढा. परत जोडताना त्याच्यासारखा गुरू नाही. कमानीखालची स्प्रिंग उडते आणि सापडत नाही, म्हणून तो भाग पारदर्शक पिशवीत हात घालून उघडावा. कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या निघतात, त्या बिनकामाच्या समजून टाकू नयेत, दातांतले अंतर त्यांनीच ठरते. जुने ग्रीस धातूच्या भागांवरून रॉकेलने किंवा डिझेलने काढावे. प्लॅस्टिकला, रबरी कड्यांना आणि ड्रॅगच्या चकत्यांना ते लावू नये. बेअरिंग बोटावर फिरवून खरखर वाटली तर ती बदलावी. तिच्या कडेवर क्रमांक असतो, तो दाखवला की तशीच मिळते. परत बसवताना स्क्रूच्या आट्यांना किंचित ग्रीस लावावे, नाहीतर पोलादाचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये मिठाने असा धरतो की पुढच्या वर्षी डोके तुटेल पण तो निघणार नाही. हाताने हे जमत नसेल तर शिलाई मशीन किंवा घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला सोबत बसवा. त्याला रीळ माहीत नसले तरी स्प्रिंग कशी धरायची हे माहीत असते.

नदीकाठच्या मंडळींसाठी थोडे. गोड्या पाण्यात मीठ नाही, पण गाळ आणि बारीक वाळू आहे, तेव्हा धुणे-पुसणे तेच. नदीतला महासीर पहिली धाव प्रवाहाबरोबर, खडकांमधून घेतो. त्यासाठी दीडशे-दोनशे मीटर जाड तंगूस बसेल असे रीळ घ्यावे, बारीक विणलेल्या दोरीचा मोह इथे टाळावा. कावेरीच्या खोऱ्यात १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने १२० पौंडांचा महासीर गळाने काढला होता. त्या जातीला आता नारिंगी परांचा, वशिंडाचा महासीर म्हणून ओळखतात, आणि २०१८ पासून ती नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या जातींत गणली जाते. आपल्या सह्याद्रीतल्या महासीरचे बीज लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून तयार केले. म्हणून जिथे गरवायला परवानगी आहे तिथेही महासीर धरला तर सोडून द्यावा. आणि इथे पुन्हा रिळाचाच मुद्दा येतो. हलके रीळ, सैल ड्रॅग घेऊन मासा अर्धा-पाऊण तास दमवला, तर सोडल्यावर तो पोहत गेलेला दिसतो खरा, पण उन्हाळ्यातल्या कोमट, कमी प्राणवायूच्या पाण्यात पुढे जाऊन मरतो. योग्य ताकदीचे रीळ आणि नीट लावलेला ड्रॅग असेल तर पाच-दहा मिनिटांत काम आटोपते. तिळसेश्वराच्या डोहासारख्या देवस्थानच्या पाण्यात आणि अभयारण्यांत मात्र गळ टाकूच नये.

आता जाता जाता सामानाचे. प्लॅस्टिकच्या एका घट्ट झाकणाच्या डबीत एवढे असू द्या : ड्रॅगच्या चकत्यांचा एक जादा संच, कमानीची रोळी, दोन बेअरिंग, कमानीची एक स्प्रिंग, पातळ तेलाची कुपी, ग्रीसची लहान नळी, मापाचा स्क्रू-ड्रायव्हर आणि एक कोरडे सुती फडके. डबीच्या झाकणावर रिळाचे नाव आणि क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवा, कारण दुकानात गेल्यावर तोच आठवत नाही. रिळाची पावती आणि त्याबरोबर आलेला भागांचा नकाशा फेकून न देता सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा.